अडखळण्याची जागा

९ ऑक्टोबर

धाकटे,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच केरात टाकशील असं वाटलं, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. भांडायला लिहीत नाही. भांडण जिथे ठेवलं होतं तिथेच आहे, धूळ झटकून केव्हाही वापरता येईल.

तुझे चिरंजीव महापौरपदाला उभे आहेत हे तुला ठाऊक असेलच. माझ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर त्यांचा चेहरा दोन मजले उंच लावलाय. सकाळी दात घासताना मला त्यांच्या उजव्या नाकपुडीकडे बघत उभं राहावं लागतं. चेहऱ्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'अडखळतो, पण खोटं बोलत नाही.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, विरोधकांनी लावलंय.

मग शेजारणीने तिच्या फोनवर त्याचं भाषण दाखवलं. बाह्या दुमडून चौकात उभा होता. 'क-क-क' करत घशात अडकला. समोरची गर्दी श्वास धरून थांबली. शेवटी 'कष्टकरी' एकदाचं बाहेर पडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "किती प्रामाणिक आहे हो तुमचा भाचा." मी हसले. चांगली मोठ्याने हसले. तिने फोन काढून घेतला आणि तेव्हापासून जिन्यात भेटली तरी मान वळवते.

पण तूच सांग, हसू नको तर काय करू? नवऱ्याच्या बदलीमागे तू गेलीस आणि शाळेसाठी त्याला माझ्याकडे ठेवलंस, तेव्हा तो दुसरीत होता आणि पावलापावलाला अडखळत होता. पण कुठे? 'म'वर. ओठ एकदा मिटले की उघडायचं नाव घ्यायचे नाहीत. 'मावशी' म्हणता येईना म्हणून पहिलं अक्षर गिळून तो मला 'वशी' म्हणायला लागला आणि तुम्ही सगळे 'काय गोड' म्हणत राहिलात. 'क'वर तो कधीही अडला नाही. काका, कावळा, कुलूप, कात्री, सगळं पाण्यासारखं. आणि आता हाच माणूस 'माझ्या मायबाप मतदारांनो' गुळगुळीत म्हणतो आणि कष्टकऱ्यांपाशी येऊन ठेचकाळतो?

सगळी नोकरी मी पोरांना वक्तृत्व शिकवण्यात घालवली. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. हे नाटक आहे आणि वाईट बसवलेलं नाटक आहे. अडखळण्याची जागाच चुकलीय.

कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की लांब नाकाची सिस्टर आपल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. हल्ली त्याच भिंतीवर चेहरा लावतात. तू आई आहेस म्हणून कळवलं. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई

१४ ऑक्टोबर

धाकटे,

अपेक्षा नाही म्हटलं होतं, तरी काल दोनदा टपालपेटी उघडून बघितली. असो.

तुझे चिरंजीव घरी आले होते. बरोबर एक तरतरीत बाई होती. तिचं काम म्हणजे उमेदवाराची छबी सांभाळणं: शर्ट कुठला, दाढी किती, हसायचं कुठे आणि गंभीर कुठे व्हायचं. मी तिला मनातल्या मनात छबीवाली म्हणते. आल्या आल्या तिने माझी बैठकीची खोली डोळ्यांनी मापली, दिवा इकडचा तिकडे केला आणि माझ्या उसवलेल्या आरामखुर्चीकडे बघून म्हणाली, "ही राहू दे. छान आहे."

"माझंच घर आहे," मी म्हटलं. "राहणारच आहे."

त्यांचं म्हणणं असं. मतदानाआधीची शेवटची सभा नगरभवनात आहे. तिथे मी व्यासपीठावर जायचं.

"आजी, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं..."

"मी तुमची आजी नाही."

"सॉरी, मॅडम. हा लहानपणी अडखळायचा. खरं की नाही?"

"खरं."

"तुम्ही त्याला बोलायला शिकवलंत. खरं की नाही?"

"खरं."

"आणि तो अजूनही त्याच्याशी झगडतोय."

"हे कुणी सांगितलं?"

"तोच सांगतोय."

तो बुटांकडे बघत होता. मी विचारलं, "काय रे, परत सुरू झालं?"

"हो, वशी."

"कधीपासून?"

"क-कळलंच नाही कधीपासून."

परत 'क'. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले, जशी तो दुसरीत असताना राहायचे. "'मावशी' म्हण."

"मावशी."

एकदम स्वच्छ. छबीवाली लगेच म्हणाली, "बघा, तुमच्या मेहनतीचं फळ." म्हणजे अडखळला तर त्याचा प्रामाणिकपणा आणि नाही अडखळला तर माझी मेहनत. या बाईला हरवणं कठीण आहे.

आता नीट वाच, कारण इथून पुढे माझं डोकं चालत नाही. 'म'च्या आधी किंचित श्वास सोडायला मी त्याला शिकवलं होतं, आरशावर वाफ धरल्यासारखा. त्या वाफेवर बसून 'म' बाहेर येतो. ऐकणाऱ्याला कळत नाही. मला कळतं. त्याने 'मावशी' म्हटलं तेव्हा मला ती वाफ ऐकू आली असं वाटलं. मी पंखा बंद करायला लावला आणि परत म्हणायला सांगितलं. परत म्हणाला. या वेळी वाफ नव्हती. की होती आणि खालून रिक्षा गेली?

वाफ होती असं धरलं, तर तो अजून 'म'वर अडतो आणि माझी युक्ती वापरून ते झाकतो. मग 'क'वर का अडतो? खरं अडखळणं झाकून खोटं दाखवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? खोटारडा तर खरंच. पण तो अडखळतो हेही खरंच.

मी छबीवालीला सरळ विचारलं, "'क' तुम्ही ठरवलात?"

ती हसली नाही की चिडली नाही. म्हणाली, "मॅडम, समोरचा उमेदवार नळासारखा वाहतो. लोकांना तसल्या बोलण्याचा वीट आलाय. आपला माणूस थांबतो. तो थांबला की लोक थांबतात. थांबले की ऐकतात. याच्याकडे पाण्याची योजना आहे, चांगली आहे, मी वाचलीय. पण आधी ऐकायला तर हवी."

"मी विचारलं ते 'क'बद्दल."

"मी त्याला एवढंच सांगितलं, लपवू नकोस."

दारातून जाताना तो वळून म्हणाला, "वशी, तू जे बोलशील ते लोक मानतील." विनंती होती की धमकी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. येते म्हणून सांगितलंय. काय बोलणार ते सांगितलेलं नाही, कारण ते मलाही ठाऊक नाही.

ताई

२१ ऑक्टोबर

धाकटे,

मी ठरवलं होतं. व्यासपीठावर जायचं आणि म्हणायचं, लोकहो, हा 'क' बनावट आहे, मी याची शिक्षिका, मला विचारा. वाक्यं जुळवून ठेवली होती. आरशासमोर एकदा म्हणूनही बघितली आणि फार आवडली.

मग रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. दुकानदार पन्नाशीचा, जाडजूड, नीटनेटका माणूस. इतकी वर्षं मी त्याच्याकडून औषधं घेतेय, पण त्याचा आवाज ऐकलेला नव्हता. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने लिहून द्यायचा, जेवणानंतर, उपाशीपोटी, दुधाबरोबर नको. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे.

परवा त्याने पाकीट पुढे केलं आणि पेन खिशातच ठेवलं. तोंड उघडलं. "ज-ज-ज..." म्हणून अडकला. कपाळाची शीर फुगली. माझ्यामागे तीनचार माणसं होती. एरवी त्यांनी चुळबुळ केली असती, निदान मी तरी केली असती. कुणी हललं नाही. सगळे चर्चमध्ये उभे असल्यासारखे उभे. "जेवणानंतर," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला पाकिटाकडे बघावं लागलं.

"हल्ली बोलता तुम्ही," मी म्हटलं.

"ते बो-बोलतात ना," त्याने मान भिंतीकडे केली. तिथे तुझ्या मुलाचं पोस्टर. "लोक थांबायला शि-शिकलेत. आधी माझं वाक्य तेच पुरं करायचे. बहुतेक वेळा चु-चुकीचं."

मग त्याने विचारलं, तुम्हीच ना त्यांच्या मावशी. शाळेत तुम्हीच शिकवलंत ना. मी हो म्हटलं. "ते खरंच अ-अडखळतात ना?"

धाकटे, मी सुट्ट्या पैशांत डोकं खुपसलं. मी. सिस्टरच्या डोळ्याला डोळा भिडवून 'शाई मीच सांडली' म्हणणारी. पर्स उलटीपालटी केली, आणि खोकल्याचं काही आहे का म्हणून विचारलं. मला खोकला नाही.

तो म्हणाला, "सभेला ये-येणार आहे मी. पुढे बसणार."

खोट्याने एका माणसाचं तोंड उघडलं आणि खऱ्याने ते मी बंद करणार. असं असेल तर मी काय शिकवत होते आयुष्यभर? आणि ते खोटं आहे हे तरी मला इतकं पक्कं कुणी सांगितलं? माझ्या कानांनी. कान शाबूत आहेत असं कोण म्हणतं? मीच.

म्हणून एक प्रश्न विचारते. अभिमान बाजूला ठेवून विचारते, त्याची किंमत तुला माहीत आहे. तो माझ्याकडून गेल्यावर, मोठा झाल्यावर, तुझ्याशी बोलताना कधी अडखळला का? आणि अडखळला तर कुठे?

ताई

२६ ऑक्टोबर

धाकटे,

फोन तू केलास आणि ठेवलासही तूच, त्यामुळे माझं राहिलेलं इथे लिहिते. फोनवर मला भांडता येतं, बोलता येत नाही.

तुझा आवाज आईसारखा झालाय. मी आधी ओळखलाच नाही.

तू म्हणालीस ते मी पाठ केल्यासारखं परत लिहिते, म्हणजे माझं चुकलं असेल तर तुला दाखवता येईल. 'ताई, तो दर रविवारी फोन करतो. आणि दर रविवारी अडखळतो. क-क-कशी आहेस, आई. नेहमी तिथेच.' मी विचारलं कधीपासून, तर म्हणालीस, 'त्याला ढाल मिळाली तेव्हापासून.'

म्हणजे त्या दिवसापासून. वक्तृत्वाच्या स्पर्धेत तो पहिला आला, मी टाळ्या वाजवत होते आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, 'तो बोलतच नव्हता, ताई. तू बोलत होतीस. माझ्या मुलाचा पोपट केलास.' त्यानंतर आपलं जे झालं ते झालं.

मी आज विचारलं, मग मला इतकी वर्षं कसं ऐकू आलं नाही? तर तू म्हणालीस, 'तुझ्यासमोर तो परीक्षा देत होता. माझ्यासमोर बोलत होता.' हे तू फार छान म्हणालीस. इतकं छान, की मला शंका आली. म्हणून विचारलं, त्या छबीवालीने तुला फोन केला होता का? तू थांबलीस. मग म्हणालीस, 'केला होता. म्हणून काय झालं?' आणि फोन ठेवलास.

म्हणून काय झालं ते सांगते. आता दोन गोष्टी आहेत. एक, तो खरंच 'क'वर अडतो, इतकी वर्षं अडतोय, आणि ज्या बाईला स्वतःच्या कानांचा एवढा तोरा तिच्यापर्यंत ते कधी पोचलंच नाही. दोन, तुलाही संवाद लिहून मिळालेत. लहानपणी तू खोटं बोलताना कानाची पाळी चोळायचीस. फोनवर पाळी दिसत नाही.

अडखळण्याची जागा बदलते हे मला माहीत आहे. एक अक्षर सुटलं की दुसरं धरतं, अशी मुलं मी पाहिलीत. शिकवलंयही. मग याच्याबाबतीत ते का आठवलं नाही? आणि 'म' सुटला असेल, तर ती वाफ कशाला?

काल रात्रभर 'म' आणि 'क' करत बसले. पहाटे स्वतःच 'क'वर अडखळून बघितलं. अगदी खरं वाटलं.

ताई

२ नोव्हेंबर

धाकटे,

सभा झाली. तू कुठेतरी बघितली असशीलच, पण त्यांनी दाखवली तेवढीच बघितली असशील.

व्यासपीठामागे एक लांबट खोली होती, आरसे, गरम दिवे, खुर्च्यांवर कोट टाकलेले. छबीवालीने मला विचारलं, "दांडी दोऱ्याने बांधलेला एखादा जुना चष्मा आहे का, मॅडम?" मी म्हटलं, "माझा चष्मा धड आहे आणि मीही." तिने एक पुठ्ठ्याचा तुकडा हातात दिला. त्यावर तीन वाक्यं, मोठ्या अक्षरांत. तिन्ही खरी होती. तीच तर पंचाईत. एकेकटी खरी आणि एकत्र उभी केली की भलतंच काहीतरी.

औषधवाला पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी माइकपाशी गेले. पुठ्ठा उपडा ठेवला. काय बोलले ते जसंच्या तसं सांगते, कारण नंतर त्यातलं अर्धंच फिरतंय.

"मी याची मावशी. लहानपणी हा अडखळायचा, ते मी या कानांनी ऐकलंय. मी याला सरळ बोलायला शिकवलं. आता हा परत अडखळतो. ते खरं आहे की तुम्हाला दाखवायला आहे, मला माहीत नाही. माझे कान म्हणतात खोटं. याची आई म्हणते खरं. तुम्हाला खात्री द्यायला मला इथे आणलंय आणि माझ्याकडे खात्री नाही. तेव्हा याच्या जिभेकडे बघून मत देऊ नका. याला पाण्याचं विचारा. नळाला पाणी कधी येणार ते विचारा, आणि त्याचं उत्तर सरळ येतं का ते बघा."

मी माइकपासून मागे सरले. मला वाटलं, संपवलं मी त्याला. स्वतःच्या हाताने वाढवलेलं पोर.

मग मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. उभे राहून. बायका डोळे पुसत होत्या. पाण्याचं एकाने विचारलं नाही. एकाने सुद्धा. छबीवालीने मला मिठी मारली. "मॅडम, असं आम्हाला लिहून देता आलं नसतं."

आज सकाळी खिडकीसमोर नवीन पोस्टर आहे. त्याच्या शेजारी मी. खाली लिहिलंय, 'मावशीसुद्धा खोटं बोलत नाही.' आता दात घासताना दोन नाकपुड्या.

एकाच माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत. औषधवाला हात मांडीवर ठेवून बसला होता. मला म्हणता येणार नाही की माझ्याकडे रागाने बघत होता. तो तुझ्या मुलाकडे बघत होता.

आणि हे कुठे दाखवणार नाहीत म्हणून लिहिते. मागच्या दाराने बाहेर पडताना तुझा मुलगा माझ्यामागून बोळात आला. एकटाच. मला हाक मारायला गेला आणि ओठ मिटले. तसेच, दुसरीतल्यासारखे. मिटलेलेच राहिले. अंगठा पँटच्या शिवणीवर घासत होता. ती त्याची जुनी सवय, मी विसरून गेले होते. मी एरवी म्हटलं असतं, श्वास सोड. या वेळी काही म्हटलं नाही. थांबले. 'मावशी' येत होतं, मला दिसत होतं.

तेवढ्यात दार उघडून छबीवाली आली, हातात फोन. तो लगेच म्हणाला, "वशी, चल, गाडी आली."

तिचा फोन चालू होता की बंद, मला दिसलं नाही.

ताई

१९ नोव्हेंबर

धाकटे,

जिंकला. तुला माझ्याआधी कळलं असेल. अभिनंदन करायचं की काय करायचं ते ठरेना म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मत कुणाला दिलंस असं विचारू नकोस. आत गेल्यावर बराच वेळ उभी राहिले, बाहेरून आवाज आला, "आजी, झालं का?"

परवा त्याने शपथ घेतली. शेजारणीने दार वाजवून बोलावून नेलं. पोस्टरवर आल्यापासून ती माझ्याशी परत बोलते. शपथेत 'क' होते, 'म' होते, कुठेही अडखळला नाही. शेजारीण म्हणाली, "बघा, पदाची ताकद." दुसऱ्याच्या मागून म्हणताना कुणीच अडखळत नाही, ते मी शिकवलेल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. म्हणजे शपथेवरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्यानंतर पत्रकारांशी बोलला, तेव्हाही नाही. ते उत्तर पाठ केलेलं असेल तर? नसेल तर? मी कागदावर दोन रकाने केले, खरं आणि खोटं. दोन्हीकडे सारखंच भरलं. कागद फाडला.

आज गोळ्या आणायला गेले.

दुकानात गर्दी होती. औषधवाल्याने माझं पाकीट काढलं आणि खिशातून पेन काढलं. मी भिंतीकडे बघितलं. पोस्टर तिथेच होतं, कोपऱ्यातून सुटलेलं. त्याने टोपण काढलं आणि पाकिटावर लिहायला लागला. मागून एकजण म्हणाला, "जेवणानंतर एक. त्यांना ठाऊक आहे हो, आटपा."

मी वळून त्या माणसाला म्हटलं, "तुम्हाला बोलता येतं हे कळलं. आता गप्प बसताही येतं का ते दाखवा."

औषधवाल्याने पाकीट माझ्यापुढे सरकवलं. लिहिलेलं वर. त्याखाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती: 'ते खरं होतं का?'

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं. "चष्मा घरी राहिला."

धाकटे, चष्मा माझ्या गळ्यात होता. साखळीला लटकत होता, छातीवर, दिव्याखाली चमकत. त्याने चष्म्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिले.

"सांगा काय लिहिलंय," मी म्हटलं. "मला घाई नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. पेन काउंटरवर ठेवलं. ओठ मिटले, मान ताणली. मागे कुणी घसा खाकरला. मी तिथेच उभी राहिले, बाहेरून रिक्षा गेली, पंखा फिरत होता, आणि पहिल्यांदाच मी कुठलं अक्षर आहे ते ऐकत नव्हते.

रविवारी मुलगा तुला फोन करेल. त्याला काही विचारू नकोस.

ताई